सुख आपल्या हातात असतं, असं ॲरिस्टॉटल म्हणाला नव्हता

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुखी कसं व्हावं, हे सांगणारा आपल्या रविवारच्या पुरवणीतला पानभर लेख मी दोनदा वाचला. एकदा मोठ्यानं, कारण रोज सकाळी पेपर मी माझ्या पतींना वाचून दाखवते. आणि दुसऱ्यांदा मनात, हातात पेन्सिल घेऊन. महाविद्यालयात ३१ वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, निवृत्त होऊनही ११ वर्षं झाली, पण पेन्सिलीची खोड काही जात नाही. लेखावर तीन खुणा झाल्या. त्यातल्या दोन मी सोडूनही दिल्या असत्या. तिसरी सोडवेना. सुख ही सर्वस्वी आपल्या हातातली गोष्ट आहे हे ॲरिस्टॉटलनं केव्हाच सांगून ठेवलंय, असं त्या वाक्यात म्हटलं आहे.

त्यानं असं सांगितलेलं नाही. जवळजवळ उलटच सांगितलं आहे.

'निकोमाखियन एथिक्स' हा त्याचा नीतिशास्त्रावरचा ग्रंथ दहा भागांचा आहे. पहिल्याच भागात तो म्हणतो की चांगलं आयुष्य म्हणजे माणूस म्हणून आपल्याला जे उत्तम करता येतं ते करत जगणं. एवढ्यावर थांबला असता तर आपल्या लेखकाचं थोडंफार बरोबर ठरलं असतं. पण लगेच पुढे तो बाहेरच्या गोष्टींकडे वळतो. मित्र हवेत, हाताशी काही साधनं हवीत, बऱ्या घरात जन्म हवा, मुलं चांगली निघायला हवीत, आणि रूपही अगदीच ओंगळ असून चालत नाही. (रूपाचं वाचलं की मागच्या बाकांवर हमखास हशा पिकायचा.) मग तो ट्रॉयच्या राजाचं, प्रायमचं नाव घेतो. जन्मभर वैभवात राहिलेल्या या माणसाची म्हातारपणी मुलं मारली गेली, नगर बुडालं. याला कोण सुखी म्हणेल? ॲरिस्टॉटल म्हणत नाही. एवढंच म्हणतो की सज्जन माणूस असल्या घावांखालीही हलकं कृत्य करणार नाही, म्हणून तो पुरता दीन कधी होत नाही. आणि सातव्या भागात तर त्याचा सूर चढतो. यातनाचक्रावर ताणलेला माणूस सज्जन असला की सुखीच, असं म्हणणारे लोक जाणूनबुजून किंवा नकळत निरर्थक बोलतात, असं तो सरळ लिहितो. त्याच्या स्वतःच्या हातात तरी किती होतं? इ.स.पू. ३२३ मध्ये अलेक्झांडर मेला, अथेन्समध्ये मॅसिडोनियाविरुद्ध वारं फिरलं, आणि स्वतःची शाळा मागे टाकून त्याला बाहेर पडावं लागलं. पुढच्याच वर्षी खाल्किसला तो वारला.

आता, एक वाक्य चुकलं म्हणून एवढं मोठं पत्र कोणी लिहीत नाही, हे मलाही कळतं. झालं असं की त्या लेखाचा फोटो आमच्या नात्यातल्या एका मुलीनं मला मोबाइलवर पाठवला आणि खाली लिहिलं, 'मावशी, तू फक्त आनंदी राहायचं ठरव.' तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण दिवसभर मला ते वाक्य टोचत राहिलं.

माझ्या पतींना सात वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. ते गणित शिकवायचे. आता त्यांना माझं नाव सहसा आठवत नाही, मी कोणीतरी रोजच्यातली आहे एवढं कळतं. पहिली तीन वर्षं फार वाईट गेली, कारण काय निसटतंय ते त्यांना समजत होतं. आता समजत नाही. दुपारी खिडकीतून भिंतीवर उन्हाचा चौकोन पडतो, तो सरकताना बघून ते हसतात, स्वतःशी गुणगुणतात. भेटायला येणारे म्हणतात, 'किती सुखी आहेत बघा, डोक्याला कसली चिंता नाही.' मी मान हलवते. ते सुखी आहेत की नाहीत, हा प्रश्न मी आयुष्यभर फळ्यावर लिहिला, आणि आता तो माझ्यासमोर खुर्चीत बसलेला असतो.

थोडं शब्दांबद्दल, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. ॲरिस्टॉटलच्या ज्या ग्रीक शब्दाचं आपण 'सुख' करतो, तो 'युडायमोनिया'. उत्तरपत्रिकांत मुलं त्याला बिनदिक्कत 'सुख' लिहायची. मी खोडून 'कल्याण' करायची, तेही अपुरं वाटायचं. शेवटी आमच्या ह्यांनीच एकदा 'कृतार्थता' सुचवला, आणि तो मी निवृत्त होईपर्यंत वापरला. फरक किती आहे ते मराठीत बोलून बघा. 'आज दुपारी मी सुखात होते' हे ठीक. 'आज दुपारी मी कृतार्थ होते' हे कानाला खटकतं. कृतार्थ दुपारपुरतं होता येत नाही. ॲरिस्टॉटलची पाकोळी नेमकी हेच सांगते: एक पाकोळी दिसली म्हणून वसंत येत नाही, तसा एका दिवसानं माणूस सुखी ठरत नाही. सुख जाणवतं. कृतार्थता जाणवेलच असं नाही, ती ठरवावी लागते, आणि बहुधा दुसऱ्या कोणीतरी.

'जगी सर्व सुखी असा कोण आहे' हा रामदासांचा प्रश्न आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतो. लिडियाचा राजा क्रीसस यानं जवळपास हाच प्रश्न अथेन्सच्या सोलोनला विचारला होता. फरक इतकाच की आपल्या खजिन्याची कोठारं आधी दाखवून विचारला, म्हणजे उत्तर 'महाराज, आपणच' असं यावं. सोलोननं नाव घेतलं टेलस नावाच्या एका साध्या अथेन्सकराचं: मुलं चांगली निघाली, नातवंडं पाहिली, लढाईत मेला, लोकांनी मानानं पुरला. क्रीसस चिडला. तेव्हा सोलोननं हिशेब मांडला की ७० वर्षांच्या आयुष्यात २६,२५० दिवस असतात आणि त्यातला एकही दुसऱ्यासारखा नसतो. शेवट पाहिल्याशिवाय कोणाला सुखी म्हणू नये, फार तर नशीबवान म्हणावं. हिरॉडोटस या ग्रीक इतिहासकारानं ही गोष्ट सांगितली आहे. कालगणना जुळत नाही म्हणून ही भेट खरोखर झाली का, याबद्दल इतिहासकारांना शंका आहे. माझ्या प्रतीत मात्र शंका वेगळीच आहे. त्या पानाच्या समासात ह्यांच्या बारीक अक्षरात लिहिलंय: '२६,२५० ÷ ७० = ३७५. वर्ष ३७५ दिवसांचं?' अधिक महिने धरताना ग्रीक गृहस्थाचं गणित चुकलं होतं आणि ते ह्यांनी पकडलं होतं. त्या दिवशी ते ज्या आनंदात होते, तो भिंतीवरच्या उन्हाच्या आनंदाहून वेगळा होता का? मला वाटतं, होता. पण 'वेगळा' म्हणजे 'मोठा' का?

याच ठिकाणी तत्त्वज्ञांची खरी भांडणं आहेत, आणि आपल्या लेखात ती कुठेच नाहीत. बेन्थॅम या इंग्रज तत्त्वज्ञानं १७८९ मध्ये सुख मोजायच्या सात कसोट्या दिल्या: तीव्रता, कालावधी, खात्री, जवळीक, त्यातून आणखी सुख निपजेल का, त्यात दुःखाची भेसळ किती, आणि किती जणांपर्यंत पोचतं. या सातांवर आज आमच्या घरात ते माझ्यापेक्षा कितीतरी पुढे निघतील. बेन्थॅमच्याच मुशीत वाढलेल्या मिलला हे सोसलं नाही. तृप्त डुकरापेक्षा अतृप्त माणूस बरा, तृप्त मूर्खापेक्षा अतृप्त सॉक्रेटिस बरा, असं त्यानं १८६१ मध्ये लिहिलं. कारण काय, तर दोन्ही बाजू माहीत असलेला माणूस वरचीच निवडतो. वर्गात मला हे पटायचं. आता विचारते, दोन्ही बाजू माहीत असलेला माणूस आणायचा कुठून? ह्यांना एक बाजू माहीत होती, आता दुसरी आहे. दोन्ही एकदम कोणालाच माहीत नसतात.

मिलचं आणखी एक, त्या 'ठरव'साठी. विसाव्या वर्षी तो स्वतः खचला होता. पुढे आत्मचरित्रात त्यानं लिहिलं की आपण सुखी आहोत का, असं स्वतःला विचारलं की त्याच क्षणी सुख थांबतं. ते दुसऱ्या कशाच्या तरी मागे असताना वाटेत भेटतं. म्हणजे हा माणूससुद्धा आमच्या भाचीच्या बाजूचा नाही.

ॲरिस्टॉटलकडे परत जाते, कारण त्यानं मला सर्वांत जास्त दुखावलं आहे. दहाव्या भागात एक वाक्य आहे: लहान मुलांना ज्यात मौज वाटते त्यात कितीही मौज मिळाली, तरी जन्मभर मुलाच्या बुद्धीनं जगणं कोणीही पत्करणार नाही. पहिल्या भागात तो म्हणतो की लहान मुलाला सुखी म्हणतात ते पुढच्या आशेनं. वर्षानुवर्षं मी ही वाक्यं न अडखळता वाचून दाखवली. रॉबर्ट नोझिकनं १९७४ मध्ये मांडलेलं अनुभवयंत्रही त्यांना जोडून शिकवायची: मेंदूला तारा जोडा, हवे ते अनुभव घ्या, सगळे खरेच वाटतील, जोडून घ्याल का? मुलं 'नाही' म्हणायची आणि मी समाधानानं पुस्तक मिटायची. पण तारा लावायच्या का, हे विचारण्यात आणि ज्याच्या डोक्यात त्या आपोआप लागल्या आहेत त्याच्याशेजारी बसून ते वाक्य वाचण्यात फरक आहे.

असल्या माणसाबद्दल तत्त्वज्ञांनी थेट लिहिलंय हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेतल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्यानं १९९१ मध्ये मार्गो नावाच्या, अल्झायमर झालेल्या बाईंबद्दल लिहिलं होतं. त्या रहस्यकथा वाचायच्या, पण पान कुठलंही उघडायच्या. चित्र काढायच्या, पण तेच ते. आणि त्याला भेटलेल्या अत्यंत सुखी माणसांपैकी त्या एक होत्या. रोनाल्ड ड्वॉर्किन या विधिज्ञ-तत्त्वज्ञानं १९९३ च्या पुस्तकात हीच मार्गो घेतली. त्याचं म्हणणं असं: आत्ता काय बरं वाटतंय हा एक हिताचा भाग, आणि आपलं आयुष्य एकूण कसं असावं याबद्दलचं आपलं मत हा दुसरा. मार्गोनं शुद्धीत असताना 'असं झालं तर मला जगवू नका' असं लिहून ठेवलं असतं, तर तोच शब्द मानायला हवा. रिबेका ड्रेसरनं त्याला विरोध केला: समोर हसणारी बाई आहे, तिला ते जुनं मत आठवतही नाही, तिच्यावर ते का लादायचं?

ह्यांनीही एकदा म्हटलं होतं. एका सहकाऱ्याला भेटून आम्ही परत येत होतो तेव्हा म्हणाले, 'मला असं जगायचं नाही हं.' लिहून ठेवलेलं नाही, पण मी ऐकलंय. तत्त्वज्ञानाची शिक्षिका म्हणून मी ड्वॉर्किनच्या बाजूची आहे. दुपारी तीन वाजता, ऊन भिंतीवर आलं की, ड्रेसरच्या.

लेखातल्या उरलेल्या दोन खुणा आता सांगूनच टाकते. एपिक्युरस म्हणजे 'खा, प्या, मजा करा' नव्हे. अथेन्समध्ये बागेत भरणाऱ्या त्याच्या शाळेत स्त्रियांना आणि गुलामांनाही जागा होती, आणि तिथलं सुख म्हणजे शरीराला वेदना नसणं, मनाला धास्ती नसणं. मरताना त्यानं मित्राला पत्र लिहिलं: मूत्रमार्गाच्या वेदना टोकाच्या आहेत, पण आपल्यात झालेल्या संवादांच्या आठवणीचा आनंद त्यांच्यासमोर उभा केला आहे. हे पत्र मला जगातल्या सुंदर पत्रांपैकी एक वाटतं, आणि आता ते वाचवत नाही. त्याची सगळी पुंजी आठवणीत आहे. ह्यांचं ते खातं बंद झालं. हां, मृत्यूची भीती मात्र ह्यांना उरलेली नाही, म्हणजे एपिक्युरसच्या निम्म्या परीक्षेत ते पास.

दुसरी खूण स्टोइकांची, म्हणजे सद्गुण असला की सुखाला आणखी काही लागत नाही असं मानणाऱ्या ग्रीक-रोमन पंथाची. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही हे ओळखा, असं त्यांच्यातला एपिक्टेटस म्हणाला, हे खरं. पण त्याच्या यादीत शरीर, पैसा, कीर्ती हातातलं नाही, आणि हातात उरतं ते फक्त आपलं मत, आपली इच्छा. गुलाम म्हणून वाढलेल्या, पायानं अधू असलेल्या माणसानं हे म्हणावं, याचा मला आदर आहे. प्रश्न असा, की जो आजार मतालाच कुरतडतो त्याचं काय?

आणि गंमत म्हणजे हा प्रश्न स्टोइकांच्या घरात आधीच विचारला गेला होता. क्लीएन्थीस हा त्यांचा दुसरा प्रमुख. आधी मुष्टियोद्धा होता, पोटासाठी रात्री बागांना विहिरीचं पाणी काढून घालायचा आणि दिवसा तत्त्वज्ञान. तो म्हणे, एकदा अंगी बाणलेला सद्गुण जाऊ शकत नाही. त्याचाच शिष्य क्रायसिपस म्हणे, जाऊ शकतो, दारूनं किंवा मनाच्या विकारानं. वर्गात क्रायसिपसपाशी आलं की मुलं पेंगायची, आणि त्यांना मी दोष देत नाही. मलाही हा वाद म्हणजे केसाची सालं काढणं वाटायचं.

दोन्ही बाजूंचे पुरावे आता माझ्या घरात आहेत. आयुष्यात कोणावर संशय न घेतलेल्या या माणसानं मागच्या वर्षी त्यांची देखभाल करणाऱ्या मुलाला चोर म्हटलं, अंगावर धावून गेले. त्या मुलानं काही चोरलं नव्हतं. त्या दिवशी क्रायसिपस जिंकला. पण ह्यांची दुसरी एक सवय आहे. समोरच्याचं वाक्य पुरं झाल्याशिवाय ते बोलत नाहीत. वर्गात मठ्ठातल्या मठ्ठ मुलाचं चुकलेलं उत्तरही ते शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे. आज वाक्याचा अर्थ त्यांना कळत नाही, पण ते थांबतात. माणसाचा आवाज खाली उतरेपर्यंत, डोळे त्याच्याकडे ठेवून. चांगुलपणा सवयीनं घडतो असं ॲरिस्टॉटल म्हणतो. ती सवय स्मरणशक्तीच्याही खाली कुठे जाऊन बसते, हे मी पुस्तकात वाचलं नव्हतं. जर्मन तत्त्वज्ञ कांटबद्दल एक हकिगत आहे. १८०४ साली, मरणाच्या नऊ दिवस आधी, स्मृती विझत आलेली, उभं राहवत नाही, आणि डॉक्टर आले तर कांट थरथरत उभाच. पाहुणा बसल्याशिवाय तो बसेना. बसल्यावर म्हणाला, माणुसकीची जाणीव अजून मला सोडून गेलेली नाही. ही हकिगत मी वर्गात कधी सांगितली नाही, परीक्षेला नव्हती.

ते सुखी आहेत हे मला कळणार कसं, हाही प्रश्न आहेच. एका जुन्या चिनी गोष्टीत च्वांग त्सू आणि हुई त्सू हे दोन तत्त्वज्ञ नदीवरच्या पुलावर उभे असतात. च्वांग त्सू म्हणतो, मासे बघ कसे मजेत आहेत. हुई त्सू विचारतो, तू मासा नाहीस, तुला काय कळतं? तो म्हणतो, तू मी नाहीस, मला कळत नाही हे तुला काय कळतं? भेटायला आलेल्यांशी मी हाच वाद घालू शकते. घालत नाही, कारण त्यांना लवकर निघायचं असतं.

पाहण्याबद्दल शहाणपणाचं मला सापडलं ते तत्त्वज्ञ आणि कादंबरीकार आयरिस मरडॉककडे. तिनं एक उदाहरण दिलंय, चक्क सासू-सुनेचं. सासूला सून उथळ, थोडी गावंढळ वाटते. वागण्यात ती कधी दाखवत नाही. मग एक दिवस ती स्वतःशी म्हणते, माझी नजर जुनाट असेल, मत्सरीही असेल, पुन्हा एकदा नीट बघू. आणि बघता बघता उथळ वाटणारी मुलगी मोकळी, साधी दिसू लागते. बाहेर काहीच बदललेलं नाही. घडलंय ते फक्त पाहण्यात, पण मरडॉकच्या मते नैतिक काम तिथेच झालं. 'आपण घरी कधी जायचं?' हे माझे पती घरातच बसून दिवसातून चाळीस वेळा विचारतात. कित्येक महिने मला तो हट्ट वाटला. पुन्हा नीट बघितल्यावर तो घाबरलेला माणूस दिसला. आता मी 'जाऊ या हं' म्हणते आणि हात धरून दोन खोल्या फिरवून आणते. मरडॉकलाही पुढे अल्झायमर झाला, १९९९ मध्ये ती गेली.

तर संपादक महाशय, मागणी एवढीच की त्या वाक्याचा खुलासा छापावा. सुख पूर्णपणे आपल्या हातात आहे असं कोणाला स्वतःच्या नावावर म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं, ॲरिस्टॉटलच्या नावावर नको. प्रायमला जाऊन 'तू आनंदी राहायचं ठरव' असं सांगणाऱ्यांत तो नव्हता. जागा नसेल तर माझ्या पत्राचे पहिले दोन परिच्छेद छापलेत तरी चालेल, बाकीचं घरचं आहे.

पाठवण्याआधी हे सगळं मी ह्यांना वाचून दाखवलं. ३७५ दिवसांच्या वर्षापाशी मी थांबून बघितलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. पण प्रत्येक वाक्य संपेपर्यंत ते थांबत होते. क्रायसिपसपाशी त्यांना झोप लागली.

आपली,
एक वाचक
(तत्त्वज्ञानाची निवृत्त प्राध्यापिका)